वेताळाला सुळे कोणी दिले?

विक्रम-वेताळ म्हटले की उज्जैनचे स्मशान डोळ्यांसमोर येते. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त मात्र हा राजा त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदाकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. पुढे लोकपरंपरेने ही कथा उज्जयिनीच्या विक्रमादित्याला बहाल केली.

या कथेतील भय रक्ताचे नाही. प्रेतात शिरलेला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि अखेरीस प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर. न्याय जाणणाऱ्यालाच पेच, अशी ही योजना. शेवटी राजाचा बळी देऊ पाहणाऱ्या भिक्षूचा डाव उघड करून राजाला वाचवतो तोही वेताळच!

१८७० साली रिचर्ड बर्टन यांनी यांतील अकरा कथा इंग्रजीत सैलपणे फुलवल्या आणि शीर्षकातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ केले. युरोपीय वाचकाला परिचित शब्द हवा होता हे खरे. पण त्याबरोबर रक्तपिपासेची छायाही आली. ‘ड्रॅक्युला’ १८९७चा. त्याचा लेखक ब्रॅम स्टोकर बर्टन यांना भेटला होता आणि त्यांच्या ओठाआडून चमकणाऱ्या सुळ्याचे वर्णन त्याने आठवणींत केले आहे. त्यावरून ड्रॅक्युलाचे मूळ बर्टन यांच्यात शोधणे हा मात्र तर्कच.

२०२०च्या ‘बेताल’ या वेबमालिकेत बोगद्यातून कंपनी सरकारचे मेलेले गोरे शिपाई बाहेर पडतात. नाव देशी, भूत परदेशी. प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. याउलट २०१७च्या ‘विक्रम वेधा’ या तमिळ चित्रपटात भूतच नाही. शरण आलेला गुंड पोलीस अधिकाऱ्याला गोष्टी सांगतो, प्रत्येकीच्या शेवटी धर्मसंकट ठेवतो, आणि चकमकींत माणसे मारणाऱ्या त्या अधिकाऱ्याची खात्री हळूहळू ढासळते. पुष्कर-गायत्री या दिग्दर्शकद्वयाला मूळ कथा अधिक कळली, असे म्हणावे लागते.

गोमंतकीयांना हे पटायला जड जाऊ नये. आमोणे, लोलये येथे वेताळ हा देव आहे. रात्री गावाची राखण करत फिरताना त्याची पादत्राणे झिजतात, या श्रद्धेने भाविक त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात.