जुना टर्नटेबल घेताना

सुटकेस प्लेअरवरून पुढे जायचंय आणि बजेट कमी आहे? मग जुना पण दणकट टर्नटेबलच शोधा! सुटकेस प्लेअरची सिरॅमिक कार्ट्रिज रेकॉर्डवर बऱ्याचदा ५ ग्रॅमच्या आसपास भार टाकते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला साधारण २ ग्रॅम पुरतात. म्हणून टोनआर्मच्या मागे भार कमीजास्त करणारं फिरतं वजन हवंच. टोनआर्म बोटाने अलगद हलवून पाहा. बेअरिंग ढिलं लागलं, तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. बेल्ट सैल असेल तर चालेल, तो सहज बदलता येतो. सुई मात्र नवीच घाला. घरात आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील, तर आधी तो वेग आहे का विचारा (पुष्कळ टर्नटेबलांवर नसतो), आणि त्यांच्यासाठी जाड सुई वेगळी घ्या. अ‍ॅम्प्लिफायरला फोनो इनपुट नसेल, तर फोनो प्रीअ‍ॅम्पचे पैसेही आधीच बाजूला काढा.