ओझे उचलण्याआधी

टोकियो शहरात सुमिदा नदीपलीकडे कोतो नावाचा विभाग आहे. 'नदीच्या पूर्वेस' असाच त्या नावाचा अर्थ. तेथील तोयोसू भागात जहाजे बांधण्याचा मोठा कारखाना होता. तो २००२ साली बंद झाला. २००६ साली त्या जागी बाजारपेठ उघडली, पण जुनी क्रेन आठवण म्हणून जपून ठेवली आहे. याच विभागातील आओमी धक्क्यावर आजही उंच क्रेन कंटेनर चढवितात व उतरवितात.

जपानने १९७२ साली क्रेनच्या सुरक्षिततेचे नियम केले. त्यांतील ३६वे कलम सांगते की, रोज काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, आकडा फार वर जाऊ न देणारे साधन, ब्रेक, क्लच व चालविण्याची कळ. दुसरी, क्रेनचे रूळ. तिसरी, तारेचा दोर जेथून जातो त्या जागा.

यात अवघड काही नाही. रिकामा आकडा हळूहळू वर न्यावा आणि तो वेळेवर थांबतो का, हे पाहावे. तो थांबला नाही, तर दोर तुटून आकडा खाली कोसळतो. ओझे बांधण्याचा दोरही पाहावा. त्याच्या एका पिळातील तारांपैकी दहावा हिस्सा तुटला असेल, तर तो दोर वापरण्यास मनाई आहे.

वाचकहो, एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मासिक व वार्षिक तपासणीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. रोजच्या तपासणीची नोंद मात्र या नियमाने सक्तीची केलेली नाही. म्हणजे ती खरोखर केली की नाही, हे बहुधा चालकाच्या मनालाच ठाऊक! म्हणूनच जपानी कामगार वस्तूकडे बोट दाखवून मोठ्याने 'योशी!' म्हणजे 'ठीक!' असे म्हणतात. बोट, डोळे आणि वाणी एकत्र आली की मन भरकटत नाही. तेथील रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली केलेल्या प्रयोगात या सवयीमुळे शंभर कृतींमागील चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या.

सेकंदाला ३० मीटरहून अधिक वेगाचा वारा वाहून गेल्यावर उघड्यावरील क्रेन पुन्हा तपासावी, असेही नियमात आहे. चक्रीवादळे सोसणाऱ्या आपल्या मॉरिशसला हे वेगळे सांगायला नको. मेर रूजच्या बंदरातही उंच क्रेन आहेत, आणि त्यांच्या खाली आपलीच माणसे काम करतात.

आपले आजे-पणजे उसाची गाडी जुंपण्याआधी जू, दोर आणि चाकाची खीळ पाहून घेत. त्यांना कोणी नियम शिकविला नव्हता. गाडी उलटली तर घर उघडे पडेल, एवढे ते जाणून होते. आज गाडीच्या जागी क्रेन आली. घरी वाट पाहणारी मुले मात्र तीच आहेत. बाबा संध्याकाळी परत येणारच, असे ती धरून चालतात. त्यांचा हा विश्वास सकाळच्या त्या पाच मिनिटांवर उभा आहे.