ईचॅम सरोवराचा इंद्रधनुषी मासा

विहीर, तळे अथवा शेततळे बाळगणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस एका दूरदेशीच्या माशाची हकीगत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. मासा बोटाएवढा, परंतु त्यापासून घ्यावयाचा धडा मोठा आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताच्या उत्तर भागी ॲथर्टन नावाचे पठार आहे. तेथे दाट अरण्याने वेढलेले ईचॅम सरोवर पुरातन ज्वालामुखीच्या विवरात साचले आहे. त्यास मिळणारा ओढा नाही व त्यातून निघणाराही नाही. अशा कोंडलेल्या पाण्यात हा मासा नांदत होता. लांबी सुमारे अडीच इंच, अंग रुपेरी निळसर, कुशीवर तांबूस रेघा व नराचे पर लाल. मादी त्या मानाने फिकी. पाठीवर एकाऐवजी दोन पर असणे, ही या कुळाची खूण होय.

हा मासा काठालगतच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पती व पडलेली लाकडे यांच्या आश्रयाने थव्याने राहतो. पाण्यावर पडणारे किडे, पाण्यातील बारीक जीव व शेवाळ हे त्याचे अन्न. मादी एकदम सर्व अंडी न घालता दररोज थोडथोडी घालते. अंड्यांस चिकट तंतू असल्याने ती वनस्पतींस अडकून राहतात व साधारण आठ-दहा दिवसांत पिले बाहेर पडतात. आईबाप त्यांची राखण करीत नाहीत. काठचे गवत हेच त्यांचे पाळणाघर.

या जातीचे शास्त्रीय वर्णन इ. स. १९८२ साली प्रसिद्ध झाले. तथापि जवळच्याच नद्यांतील काही मासे कोणीतरी सरोवरात आणून सोडले होते. त्यांत मोठ्या जबड्याचे, लहान मासे गिळणारेही होते. अशा शत्रूची सवय नसलेला हा मासा त्याच दशकाच्या मध्यास सरोवरातून नाहीसा झाला. आमची उमर महसुलाच्या दप्तरात गेली. खातेदाराची नोंद होते न होते तोच खाते बंद व्हावे, तशातला हा प्रकार.

सुदैवाने शौकीन लोकांनी काचेच्या हौदांत हा मासा जतन केला होता. त्याची पैदास करून तो पुन्हा सरोवरात सोडण्यात आला, परंतु टिकला नाही. पुढे बॅरन व जॉन्स्टन नद्यांच्या उगमाकडील ओढ्यांत हीच जात आढळली, म्हणून वंश बुडाला नाही.

येथे ध्यानात धरावे की, सोडलेले मासे परदेशचे नव्हते, शेजारचेच होते. मग परमुलुखातून आणलेल्यांविषयी किती जपावे! आफ्रिकेतील तिलापिया, ज्यास आपल्याकडे चिलापी म्हणतात, तो हिंदुस्थानात इ. स. १९५२ साली आणला गेला. तो आता कित्येक जलाशयांत पसरला असून स्थानिक माशांच्या अन्नात व जागेत वाटेकरी झाला आहे.

म्हणून आमची विनंती इतकीच की, तळ्यात बीज सोडण्यापूर्वी त्याची जात खात्रीने ओळखावी. सांडव्यास बारीक जाळी बसवावी. हौसेने पाळलेला मासा नकोसा झाला तरी ओढ्यात टाकू नये. शेतातील तण पुन्हा खुरपता येते. ओढ्यात गेलेला मासा मात्र वेचून परत काढता येत नाही.