घरांत निघालेला अनोळखी बेडूक : परका कीं आपला?

यंदा रोहिणीच्या अखेरीस वळवाची एक जोराची सर येऊन गेली, आणि त्याच रात्रीं आमच्या न्हाणींत एक चमत्कारिक बेडूक निघाला. गांवठाण सोडून मळ्यांत घर बांधल्याला अजून वर्ष झालेलें नाहीं. त्यामुळें साप, विंचू, घोरपड ह्यांची तयारी आम्हीं मनाशीं ठेवली होती, बेडकाची मात्र नव्हती. बंबाच्या वर, पुरुषभर उंचीवर, चुन्याच्या भिंतीला तो पालीसारखा चिकटून बसला होता. रंग फिकट, जवळजवळ भिंतीचाच; कंबर बारीक; डोळे मोठे व पुढें आलेले. बेडूक भिंतीवर चढतो हें घरांत कोणीं पाहिलेलें नव्हतें. शेजारच्या मळ्यांतील कॉलेजांत शिकणारा मुलगा मोबाईल घेऊन आला, त्यानें चित्रें ताडून पाहिलीं, आणि निदान सांगितलें कीं ऑस्ट्रेलियांत ज्यानें अनर्थ केला तो विषारी बेडूक हाच असून तो आतां आपल्याकडे शिरला आहे! मग काय विचारतां? आत्याबाईंनीं मिठाची वाटी आणली, गड्यानें खराटा उचलला, आणि बेडकाचा निकाल लागण्याची वेळ आली.

आम्हीं दहा मिनिटें मागून घेतलीं व विजेरीच्या उजेडांत त्याचे पाय पाहिले. प्रत्येक बोटाच्या टोंकाला लहानशा गुंडीसारखी वाटोळी चकती होती. तेवढ्यावरून प्रश्न सुटला. हा झाडबेडूक, आपल्याच देशाचा, बहुधा आमच्याहून ह्या मळ्याचा जुना रहिवासी. इंग्रज लोकांनीं त्याला चुन्याच्या नांवावरून ओळखलें तें उगीच नव्हे. उन्हाळ्यांत अंगाची ओल टिकविण्याकरितां तो न्हाणी, रांजण, मोरी अशा गारव्याच्या जागा शोधतो. बोटांना चकत्या असलेला बेडूक भिंतीवर चढतो; ज्या विषारी प्राण्याचें नांव त्या मुलानें घेतलें त्याच्या बोटांना तसल्या चकत्या नसतात.

तथापि त्या मुलाला हंसण्याचें कारण नाहीं. त्याचें निदान चुकलें तरी भीति निराधार नव्हती. आणि ती हकीकत तर आपण उंसवाल्यांनीं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे, कारण तो अनर्थ उंसाच्या मळ्यांतूनच निघाला.

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत उंसाला एका भुंगेऱ्याचा उपद्रव होता. त्याच्या अळ्या जमिनींत राहून उंसाच्या मुळ्या खातात, बेट पिवळें पडतें, आणि पुढें हातानें ओढलें तरी उपटून येतें. आमच्या वाचकांस हें वर्णन वाचून आपल्या हुमणीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. खरोखरच तो हुमणीचाच भाऊबंद आहे. त्या वेळीं हवाई बेटांतील उंसवाल्यांनीं अमेरिकेकडील एक मोठा भेक पोर्टो रिको बेटांतून १९३२ सालीं आणविला होता व त्याची कीर्ति झाली होती. (भेक म्हणजे खरबरीत, फोडफोड्या अंगाचा, आंखूड उड्यांचा बेडूक.) १९३५ च्या जून महिन्यांत क्वीन्सलंडच्या ऊस-संशोधन खात्यानें हवाईहून शंभर-एक भेक आणले, गॉर्डनव्हेल गांवाजवळ त्यांची पैदास केली, आणि ऑगस्टमध्यें त्यांची प्रजा उंसांत सोडण्यास आरंभ केला. वॉल्टर फ्रॉगट नांवाच्या कीटकशास्त्रज्ञानें त्याच वेळीं हरकत घेतली होती. तिच्यामुळें कांहीं महिने काम थांबलें, पुढें १९३६ सालीं तें पुन्हा सुरू झालें.

परिणाम काय झाला? भुंगेरे वर पाल्यावर, अळ्या मातीखालीं, आणि भेक मधल्यामध्यें जमिनीवर! त्यांची गांठ पडावी कशी? हुमणीसारखी ती कीड जेथल्या तेथें राहिली. भेकाला मात्र दुसरें खाद्य भरपूर मिळालें. एक मादी एका खेपेस हजारों अंडीं घालते, आणि त्या खंडांतील प्राण्यांना भेकाचें विष कधीं ठाऊकच नव्हतें. त्याला खाऊन तेथील घोरपडी, साप, क्वोल नांवाचे रानमांजरासारखे प्राणी व गोड्या पाण्यांतील मगरीसुद्धां मेल्या. पूर्व किनाऱ्यावर सुटलेला हा प्राणी २००९ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत पोंचला. आज त्याला परत नेण्याचा उपाय कोणापाशींही नाहीं.

हा ऊसभेक भारतांत वसलेला नाहीं. परंतु नुसतें एवढें म्हणून थांबलें तर गोष्टीचा अर्धाच भाग सांगितल्यासारखें होईल. कारण जो बेडूक आपल्या बांधावरचा सोबती आहे तोच दुसऱ्याच्या घरीं चोर ठरला आहे. आपला मोठा डराव बेडूक घ्या. अंदमान बेटांत तो मूळचा नाहीं. मत्स्यबीजाबरोबर त्याचीं पिल्लें तेथील तळ्यांत गेलीं आणि तेथून तो बेटोबेटीं पसरला. त्याचीं पाण्यांतील पिल्लें तेथल्या बेडकांचीं पिल्लें खाऊन टाकतात, व मोठा झाल्यावर तो हातीं लागेल तो लहान प्राणी गिळतो. कोंबड्यांच्या व बदकांच्या पिलांविषयीं तेथील शेतकऱ्यांची तक्रार आहे. आपल्या अंगणांतील साधा भेकही असाच. त्याच जातीचा भेक मादागास्कर बेटांत तोमासिना बंदराच्या परिसरांत पसरल्याचें २०१४ सालीं जगापुढें आलें. आपल्याकडे दिवड त्याला बेधडक गिळते. तेथल्या बहुतेक प्राण्यांना तें विष पचत नाहीं. सारांश, बेडूक मुळांत चांगला किंवा वाईट नसतो. तो कोठून कोठें नेला गेला हा प्रश्न आहे. आणि नेतो माणूस.

आतां आपल्या घरीं निघणाऱ्या बेडकांकडे वळूं. कोल्हापूर जिल्हा म्हणजे एका टोंकाला गगनबावड्याचा धो धो पाऊस व दुसऱ्या टोंकाला शिरोळची काळी, उघडी जमीन. त्यामुळें एका गांवीं नित्याचा असलेला बेडूक दुसऱ्या गांवीं नवलाचा ठरतो. पाहुणा कोण हें ठरवितांना रंगावर मुळींच विसंबूं नये. एकच झाडबेडूक सकाळीं खडूसारखा पांढरट व रात्रीं तपकिरी दिसतो. पाहावयाचें तें बोटें, पाठीची कातडी, डोळ्यामागची जागा आणि चाल.

झाडबेडकाची खूण वर आलीच आहे. त्याच्या मांडीच्या मागच्या बाजूस पिवळे ठिपके असतात, व पाण्याच्या वर लोंबत असलेला साबणाच्या फेंसासारखा गोळा दिसला तर तीं त्याचीं अंडीं होत. विषारी म्हणून ज्याचें नांव निघतें तो आपला भेक ओळखण्यास सर्वांत सोपा आहे. त्याच्या डोळ्यांवरून काजळ घातल्यासारख्या काळ्या उंच कडा जातात, डोळ्यामागें दोन फुगीर गांठी असतात, आणि अंगावरील फोडांचीं टोंकेंही बहुधा काळीं असतात. परदेशी ऊसभेकाच्या गांठी फार मोठ्या व त्रिकोणी असून काजळाची रेघ त्याला नसते. शिवाय तो आकारानेंही पुष्कळ मोठा होतो. आपल्या भेकाच्या गांठींतून पांढरा चीक निघतो. तो डोळ्यांत गेला तर आग होते, कुत्र्यानें तोंडांत धरला तर तोंडाला फेंस येतो. पण भेक आपण होऊन कोणावर विष उडवीत नाहीं, आणि त्याला शिवल्यानें चामखीळ होते ही तर निव्वळ कल्पना आहे. संध्याकाळीं ओसरीवरच्या दिव्याखालीं येऊन बसतो तो हाच. मृगाच्या तोंडावर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडून दिव्याकडे झेंपावतात तेव्हां तो काय करतो हें एकदां पाट टाकून बसून पाहावें. तो त्यांतले कांहीं भुंगेरे गिळतो. हुमणी तेवढ्यानें आटोपेल असें मात्र कोणीं समजूं नये, कडुलिंबा-बाभळीवरचे भुंगेरे झाडून गोळा करण्याचें काम आपल्यालाच केलें पाहिजे.

पहिल्या पावसांत जमिनींतून वर येणारा, चेंडूसारखा गोल, तोंड इवलेंसें, डिवचला कीं फुगणारा बेडूक निघाला तर तो बिळांत राहणारा. मुंग्या व वाळवी हें त्याचें अन्न. मागील पायाच्या टांचेशीं त्याला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो व त्यानें तो मागें मागें सरकत मातींत शिरतो. भुदरगड, आजरा, राधानगरी ह्या बाजूच्या वाचकांना पाठ तांबूस-सोनेरी व दोन्ही कुशी काळ्या असा देखणा बेडूक घरांत आढळेल. तो इतका परिचित, कीं पूर्वी त्याला दक्षिणेकडील दुसऱ्याच जातींत गणून मोकळे होत असत. २०१५ सालीं पुण्याच्या संशोधकांनीं ती जात निराळी असल्याचें दाखवून तिला 'बहुविस्तारा' असें नांव दिलें.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो डराव बेडकाविषयीं. एरवीं तो हिरवट, पाठीवर उभ्या चुण्यांचा, बहुधा मधोमध एक फिकट रेघ असलेला, वीतभर वाढणारा. परंतु पहिला मोठा पाऊस झाला कीं नर लिंबासारखा पिवळाधमक होतो व गळ्याशीं दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडूं लागतो. हा थाट थोडे दिवसच टिकतो, आणि ज्यानें तो पूर्वीं पाहिला नाहीं त्याला हा प्राणी ह्या जगांतला वाटत नाहीं. दोन वर्षांमागें आमच्या जुन्या घराजवळच्या डबक्यांत असे पांच-सहा पिवळे बेडूक जमले असतां, कोणता तरी रोग आला म्हणून पोरांनीं ते दगडांनीं ठेंचले, आणि आम्हीं मोठ्या माणसांनीं उभें राहून पाहिलें. पिवळा रंग हा वराचा पोशाख होता हें पुढें कळलें. भाताच्या खाचरांत बांध पोखरणारे खेकडे खाणारा हाच बेडूक होय. त्याच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा मोठा व्यापार एके काळीं आपल्या देशांत चाले. तो सरकारनें १९८७ सालीं बंद केला, व वन्य जीव संरक्षण अधिनियमानें त्याच्या शिकारीला आडकाठी आहे. आपल्या पंचांगांत पर्जन्यनक्षत्राचें वाहन बेडूक असलें म्हणजे आपण आनंद मानतों, आणि तेंच वाहन दारांत आलें म्हणजे खराटा शोधतों, ही मौज आहे!

वर सांगितलेल्यांपैकीं कोणाशींच पाहुणा जुळला नाहीं तर? तरीसुद्धां तो परदेशी आहे असें एकदम म्हणतां येत नाहीं. आजऱ्याच्या पलीकडे आंबोलीच्या कातळांवर अंगावर पिवळे पट्टे असणारा एक लहानसा भेक राहतो. त्याला शास्त्रांत स्वतंत्र जात म्हणून स्थान २००९ सालीं मिळालें, आणि आंबोलीच्या परिसराबाहेर तो जगांत अन्यत्र माहीत नाहीं. असा जीव कोणाच्या पडवींत भरकटून आला व 'विलायती' म्हणून मारला गेला, तर नुकसान किती होईल ह्याचा विचार करावा.

म्हणून अनोळखी बेडूक निघाल्यास आधीं त्याचीं चित्रें घ्यावीं : वरून, बाजूनें, बोटांचीं जवळून, शेजारीं रुपयाचें नाणें ठेवून. ओरडत असल्यास आवाजही धरून ठेवावा. तारीख, गांव, जागा लिहून तें सर्व शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे किंवा कोल्हापूरच्या कृषि महाविद्यालयांतील कीटकशास्त्रज्ञांकडे दाखवावें. मोबाईलनें सुचविलेलें नांव एकट्यानें प्रमाण मानूं नये. मीठ कदापि टाकूं नये. बेडूक कातडीनेंही श्वास घेतो व पाणी शोषतो, मिठानें तो तळमळून मरतो. ओला फडका टाकून किंवा पातेल्याखालीं धरून त्याला त्याच परसांत ओलीच्या जागीं सोडावें व हात धुवावे. दूरच्या तळ्यांत नेऊन सोडण्याची भूतदया नको. बेडकांचे रोग अशाच रीतीनें एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत जातात.

खरी पाळत ठेवावयाची ती निराळ्या ठिकाणीं. शेततळ्यासाठीं बाहेरगांवाहून मत्स्यबीज आणलें तर पिशवी उघडून आधीं टोपांत ओतून पाहावें. माशाच्या पोरांत बेडकाचीं पोरें असलीं तर तीं तळ्यांत सोडूं नयेत. दूरच्या रोपवाटिकेंतून आलेल्या कुंड्यांची माती व बुडखे तपासावे. शहरांत शोभेच्या कांचपेटींत ठेवण्यासाठीं आफ्रिकेकडील नखांचा बेडूक पाळतात. मुलांचा हौसेचा भर ओसरला कीं तो विहिरींत वा ओढ्यांत टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. १९५२ सालीं आपल्या देशांत आणलेला चिलापी मासा आज कोणत्या तळ्यांत नाहीं, हें मासे धरणाऱ्यास विचारावें.

आमच्या न्हाणींतल्या पाहुण्याचें पुढें काय झालें तेंही सांगून टाकतों. मृगाचा पाऊस लागला तेव्हां गोठ्यामागच्या हौदाच्या कांठावर ओठंगलेल्या कर्दळीच्या पानाला फेंसाचा गोळा दिसला. आत्याबाईंनीं तो काढूं दिला नाहीं. थोड्याच दिवसांत गोळा वितळून पिल्लें हौदांत उतरलीं, आणि तीं पाय फुटून बाहेर पडेपर्यंत म्हशींना पाणी बादलीनें दाखवावें लागलें. गडी अजून कुरकुरतो.