शस्त्रक्रियेनंतर उदरात राहणारे बंध

उदरावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली, त्वचेवरील टाके निघाले आणि रोगी घरी परतला, म्हणजे सारे संपले असे सामान्यतः मानले जाते. परंतु आतील जखम कशी भरून येते हे डोळ्यांना दिसत नाही. आणि त्या क्रियेतील बिघाडाचे परिणाम कधीकधी कित्येक वर्षांनी प्रकट होतात.

उदरपोकळीला आतून अस्तर असलेल्या व आतड्यांनाही वेढणाऱ्या पातळ, ओलसर पटलास पर्युदर म्हणतात. त्याचा पृष्ठभाग पेशींच्या एकाच थराचा असतो. शस्त्र, घर्षण किंवा कोरडेपणा यांनी हा थर दुखावला की तेथे द्रव पाझरतो आणि फायब्रिन या प्रथिनाचे चिकट जाळे तयार होते. दोन दुखावलेले पृष्ठभाग एकमेकांस लागले, तर ते या जाळ्याने जोडले जातात. एरवी शरीरच हे जाळे विरघळवून टाकते आणि सुमारे आठवड्याभरात पर्युदर पूर्ववत होते. मात्र जेथील रक्तपुरवठा तुटलेला असतो, तेथे जाळे तसेच राहते. त्यात तंतू व सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरून कायमचा बंध निर्माण होतो. यालाच आसंजन म्हणतात.

बहुतेक आसंजने निरुपद्रवी असतात. परंतु काहींमुळे आतड्याचा मार्ग बंद पडतो, स्त्रियांत वंध्यत्व येऊ शकते आणि पुढील शस्त्रक्रिया अवघड होते. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली उदर वा श्रोणी उघडून शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रोग्यांचा दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. आसंजनांशी निश्चित वा संभाव्य संबंध असलेल्या कारणांसाठी त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रोग्यांस पुन्हा रुग्णालयात यावे लागले.

पूर्वी पर्युदराची प्रत्येक फट टाके घालून घट्ट मिटविणे हेच योग्य समजत. ब्रिटिश शल्यचिकित्सक हॅरल्ड एलिस यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या, प्राण्यांवरील प्रयोगांतून निराळेच दिसले. उघडी ठेवलेली फट बहुधा गुळगुळीत भरून येई. उलट, ताणून घातलेले टाके रक्तपुरवठा तोडून आसंजनांस निमंत्रण देत.

म्हणून प्रतिबंधाचा आरंभ शल्यचिकित्सकाच्या हातांपासून होतो. ऊती हळुवार हाताळणे, त्या ओलसर ठेवणे, रक्तस्राव पूर्ण थांबविणे आणि शक्य तेथे दुर्बिणीद्वारे लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया करणे, हे त्याचे मुख्य उपाय होत. हातमोज्यांवरील पिष्टाची भुकटीही आसंजनांस कारण होते. अमेरिकेत अशा मोज्यांवर २०१७ पासून बंदी आहे. हायालुरोनिक आम्ल व सेल्युलोज यांपासून केलेले पातळ पापुद्रे दुखावलेल्या पृष्ठभागांमध्ये ठेवता येतात. ते पहिल्या आठवड्यात पृष्ठभाग अलग राखतात व नंतर शरीरात शोषले जातात. मात्र आतड्याच्या नव्या जोडाभोवती ते गुंडाळल्यास जोड गळण्याचा धोका असतो.

एकदा झालेले आसंजन विरघळविणारे औषध नाही, आणि ते कापले तरी पुन्हा होऊ शकते. म्हणून पूर्वी उदरावर शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने ती गोष्ट प्रत्येक वैद्यास सांगावी. पोटात मुरडा येऊन दुखणे, उलट्या, पोट फुगणे आणि शौच व वायू अडणे ही लक्षणे दिसताच, घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.