बाजारातला गनिमी कावा (भाग ४) : रोटीवर उमटलेला प्रश्न

२०१३ सालचा फेब्रुवारी. अलाहाबादच्या महाकुंभात एखादा यात्रेकरू संगमावर स्नान आटोपून, भुकेजून ढाब्यावर टेकायचा. ताट समोर यायचं आणि वरची पहिलीच रोटी त्याला विचारायची, ‘लाइफबॉय से हाथ धोए क्या?’ अक्षरं शाईची नव्हती. स्वयंपाकघरात उभा असलेला कंपनीचा माणूस तापलेला ठसा गरम रोटीवर टेकवायचा आणि मजकूर रोटीवर भाजून निघायचा. म्हणजे वाचूनही झालं आणि खाऊनही टाकलं. मागे ना कागद, ना कचरा.

हिंदुस्तान युनिलिव्हर आणि ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेची ही कल्पना. मेळ्यातले शंभरावर ढाबे आणि हॉटेलं त्यांनी गाठली. सगळ्या रोट्यांवर ठसा मारायचा नाही, दर ऑर्डरची फक्त पहिली रोटी, असं ठरलं. तेवढ्यानेही महिनाभराचा हिशोब पंचवीस लाख रोट्यांच्या घरात जात होता.

कुंभमेळ्यात जाहिरातींची वानवा कधीच नसते. कोट्यवधी माणसं एका जागी येतात म्हटल्यावर फलक, कमानी, ध्वनिक्षेपक सगळं हजर असतं, आणि त्या गलबल्यात कुणाचंच काही ऐकू येत नाही. रोटीने आवाज चढवला नाही. तिने वेळ साधली. हात ताटाकडे निघालेला आहे, तो धुतलेला आहे की नाही हे फक्त त्या हाताच्या मालकाला ठाऊक आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी घरच्यासारखं विचारतं. लहानपणी जेवायला बसताना प्रत्येक घरात एक आवाज हेच विचारत असतो. साबणाच्या कंपनीने तो आवाज उसना घेतला, एवढंच.

या तऱ्हेला ‘गुरिल्ला मार्केटिंग’ हे नाव मिळालं ते जे कॉनरॅड लेव्हिन्सन या अमेरिकी लेखकाच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे. पुष्कळांना या नावात माकडाचा मोठा भाऊ दिसतो, पण त्याचा इथे संबंध नाही. स्पॅनिशमध्ये ‘गेरा’ म्हणजे युद्ध आणि ‘गेरिया’ म्हणजे छोटं युद्ध. नेपोलियनच्या फौजांना स्पेनमधल्या टोळ्यांनी जेरीस आणलं तेव्हा तो शब्द जगभर गेला. मराठी माणसाला मात्र शब्द उसना आणायची गरज नाही. मोगल मराठ्यांना ‘गनीम’ म्हणत, आणि ‘कावा’ म्हणजे मुळात घोड्याला गरगर फिरवण्याची चाल. लेव्हिन्सन ज्यांच्यासाठी लिहीत होता ते होते छोटे धंदेवाले. पैसा नसेल तर वेळ, मेहनत आणि डोकं घाला, हा त्याचा सांगावा. युनिलिव्हरला काही कुणी डोंगरकपारीत लपलेला मावळा म्हणणार नाही. पण आजकाल तोफखाना बाळगणारेही काव्याची भाषा बोलतात, कारण तोफांच्या आवाजाला लोक सरावले आहेत.

आकाराच्या नादाला लागलं की काय होतं, हे न्यूयॉर्कने २००५च्या जूनमध्ये पाहिलं. स्नॅपल या सरबतांच्या कंपनीला आइसकांडी बाजारात आणायची होती. म्हणून तिने सुमारे पंचवीस फुटांची, साडेसतरा टनांची कांडी बनवली आणि विश्वविक्रमासाठी युनियन स्क्वेअरमध्ये क्रेनने उभी करायला घेतली. मुहूर्त निवडला तो उन्हाळ्याचा पहिला दिवस. व्हायचं तेच झालं. कांडी पुरती उभी राहण्याआधीच किवी-स्ट्रॉबेरीचा गुलाबी लोंढा रस्त्यावर आला, चालणारे आणि सायकलवाले घसरले, आणि रस्ता धुवायला अग्निशमन दल बोलवावं लागलं. विक्रम राहिलाच. त्या कांडीला गिऱ्हाइकाशी काही बोलायचंच नव्हतं. नुसतं ‘बघा’ म्हणायचं होतं. लोकांनी बघितलं.

मुंबईतला एक किस्सा याहून बोलका आहे. २००७मध्ये जेट एअरवेजने नवं रूप घेतलं आणि ‘आम्ही बदललोय’ असा फलक लावला. त्याच्या डोक्यावर किंगफिशरचा फलक चढला : ‘आम्हीच त्यांना बदलायला लावलं!’ त्याहून वर गोएअर जाऊन बसलं : आम्ही बदललेलो नाही, उडण्याचा सर्वात शहाणा मार्ग अजून आम्हीच. तीन मजली भांडण, तेही भर रस्त्यात. त्याचं छायाचित्र अजून फिरतं, जाहिरातकलेच्या वर्गांतही दाखवलं जातं. मधल्या काळात किंगफिशर २०१२मध्ये जमिनीवर आलं, जेट २०१९मध्ये, आणि ‘गो फर्स्ट’ असं नाव बदललेलं गोएअर २०२३मध्ये. विमान कंपन्या फलकामुळे बुडत नाहीत, हे खरं. पण फलक लक्षात राहिला म्हणून त्या तरल्याही नाहीत. लोक हसले ते एकमेकांना टाळी देऊन. त्यात प्रवाशासाठी काय होतं?

या प्रश्नावर मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वी एक उत्तर सापडलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला तो १९०३च्या सुमारास. लोखंडाने जमिनीला विष लागतं, अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. समजूत पालटायची तर ‘नांगर घ्या’ असं ओरडून भागणार नव्हतं.

१९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे मराठी वाचकांचे शंवाकि. हेतू साधा होता : कारखान्याचा माल गिऱ्हाइकांना कळावा. पण शंकररावांना लवकरच उमगलं असावं, की नांगराच्या फाळाची माहिती माणूस फार तर एकदा वाचतो, दर महिन्याला नाही. मग अंकात उद्योगाच्या, स्वावलंबनाच्या, सुधारणेच्या गोष्टी आल्या, कथा आल्या, चित्रं आली, वादही आले. नावातली ‘खबर’ यथावकाश गळाली आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरला नव्हता, अशा पुण्या-मुंबईच्या घरांतही ते जाऊ लागलं. १९३०मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४मध्ये ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्याला एव्हाना तीन मासिकं झाली होती.

(पुढच्या आठवड्यात : १९५२ साली परळमधून दंतमंजन घेऊन लोकांच्या दारी गेलेले केशव विष्णू पेंढरकर)