कच्चं मडकंच बरं!

घरात कुणी गेलं की मोठी माणसं पाहुण्यांना फोन करण्यात आणि एकमेकांना सावरण्यात अडकलेली असतात. मग गाडीची किल्ली कुणाच्या हातात येते? तुमच्या. ‘जा रे, साहित्य घेऊन ये.’ तिसऱ्या दिवशी राख सावडायची असते आणि त्या साहित्यात अस्थींचं मडकंही असतं. दुकानदार देईल ते आपण आणतो. त्या दिवशी चौकशी करायचं भान कुणाला असतं?

माझ्या आजोबांच्या वेळी मीच गेलो होतो. रंग दिलेलं मडकं, वर चकचकीत लाल कापड आणि फुटू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी. विसर्जनाच्या वेळी घाई झाली आणि सगळं पिशवीसकट पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा नदीच्या पात्रात अशी कितीतरी मडकी उघडी पडलेली दिसली. त्यातलं आजोबांचं कोणतं, ते मला ओळखू आलं नाही.

मातीचं म्हणजे इको-फ्रेंडली?

ऑनलाइन शोधलं तर मिठाचे, कागदाचे, मक्याच्या स्टार्चचे कलश दिसतात. पाण्यात किंवा मातीत गेले की ते विरून जातात. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर आधीपासून मातीचंच मडकं आहे, मग प्रश्न कुठे आला? प्रश्न आहे तो भाजण्याचा. आव्यात भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही. तिची खापरं होतात आणि ती तशीच राहतात.

पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. तेरला जा. सातवाहन काळात हे ‘तगर’ नावाचं व्यापारी शहर होतं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळातली मातीची भांडी मांडून ठेवली आहेत. दोन हजार वर्षं झाली, पण भाजलेली माती अजून टिकून आहे. मग नदीत सोडलेलं आपलं मडकं दोन-चार वर्षांत कसं जाईल?

याच तेरमध्ये तेरणेच्या काठावर संत गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांची ती गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. संतमंडळी जमलेली असताना काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि ‘हे मडकं कच्चं’ असा निकाल नामदेवांबद्दल दिला. तेव्हापासून ‘कच्चं मडकं’ म्हटलं की आपल्याला कमीपणा वाटतो. अस्थींच्या बाबतीत मात्र उलटं आहे. इथे कच्चंच मडकं हवं.

ओळखायचं कसं?

कुंभाराकडे जाऊन सरळ सांगा, ‘न भाजलेलं, नुसतं वाळवलेलं द्या, रंग नको.’ बोटाने वाजवून पाहा. भाजलेलं टणटण वाजतं, कच्च्याचा आवाज बद्द येतो. कच्च्या मडक्याचा तुकडा पाण्यात टाकला की काही वेळात त्याचा चिखल होतो.

एक अडचण आहे. सावडताना राखेवर पाणी, दूध शिंपडतात. ओल्या अस्थी कच्च्या मडक्यात टाकल्या तर ते हातातच खचेल. म्हणून अस्थी निथळून, वाळवून आधी सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा. गंगाखेडला किंवा पैठणला एसटीने न्यायच्या असतील तर नुसती पुरचुंडीच बरी. कापड मात्र सुतीच घ्या. चकचकीत पॉलिस्टर कुजत नाही. तांब्या-स्टीलचा कलशही तळाशी तसाच पडून राहतो.

आणि राखेचं काय?

मडक्यात जातात मूठ-दोन मूठ अस्थी. चितेला काही क्विंटल लाकूड लागतं, त्याची राख पोत्यांनी उरते आणि बऱ्याच ठिकाणी तीही पात्रात लोटतात. आपल्या नद्या उन्हाळ्यात डबक्यांवर येतात. त्या डबक्यात पोतंभर राख गेली तर ती वाहून जाणार कुठे?

आता अनेक घरांत ही राख शेतात टाकून तिथे झाड लावतात. कल्पना चांगली आहे, पण राख खारी आणि अल्कधर्मी असते. आपली काळी जमीन मुळातच अल्कधर्मी. सगळी राख रोपाच्या बुडाशी ओतली तर मुळं करपतात. थोडी घ्या, शेणखत आणि भरपूर मातीत मिसळा, रोपाला माती लागेल असं बघा. उरलेली राख शेतात पातळ पसरून द्या.

‘असं कुठे करतात का?’ असं घरात कुणी विचारलंच तर पंडित नेहरूंचं सांगा. 1954 साली त्यांनी मृत्यूपत्रात लिहून ठेवलं होतं की मूठभर रक्षा गंगेत सोडावी आणि बाकीची विमानातून शेतांवर विखरावी. 1964 मध्ये ते गेल्यावर तसंच झालं.

आणि आज्जी म्हणाली की ‘गंगेतच सोडायच्या’, तर तिच्याशी वाद घालू नका. आपल्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. चांगलं वाहतं पाणी असेल तर गावच्या तेरणेत सोडलेली चिमूटही शेवटी त्याच वाटेने जाते. हे आज्जीला सांगून बघा. नाहीच पटलं तर पुरचुंडी घ्या आणि गंगाखेडची एसटी धरा. तिचा मान राखूनही प्लॅस्टिक टाळता येतंच.

फक्त हे बोलणं तिसऱ्या दिवशी काढू नका. त्या दिवशी कुणालाच काही सुचत नाही. घरातले सगळे धडधाकट आहेत, जेवणं झालीत, अशा एखाद्या रात्री विषय काढा. आधी ‘अभद्र बोलू नको’ म्हणून रागावतील. मग कुणीतरी हळूच सांगेल, ‘माझी राख बांधावरच्या आंब्याला टाका रे.’ ते लक्षात ठेवा. उद्या गाडीची किल्ली तुमच्याच हातात येणार आहे.